पाठ टेकेल तिथून

कॅमेरा मांडीवर घ्या. लेन्स अजून घेतलेली नाही, म्हणून पुढच्या गोल तोंडावर झाकण आहे. ते तसंच राहू द्या. रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या आत आरसा नसतो. झाकण काढलं की समोर थेट शटरचा काळा कापडी पडदा येतो, आणि आपल्या भाईंदरच्या हवेत खाडीचं मीठही असतं आणि बांधकामांची धूळही. तो पडदा आज उघडा करायचं कारण नाही. आज काही विकत घ्यायचं नाही, ठरवायचंही नाही. खिडकी उघडा आणि तिच्यापाशी बसा.

आता कॅमेरा डोळ्याला लावा.

सगळं दिसतंय. समोरची इमारत, तिच्या ग्रिलला टांगलेल्या कुंड्या, वाळत घातलेली चादर, दोरीच्या टोकाला बसलेला कावळा. आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्याची लेन्स काढली तर त्याच्या खिडकीत नुसता धूसर उजेड उरतो. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि चित्र घ्यायचं तोंड वेगळं, त्यामुळे लेन्स नसतानाही जग जागच्या जागी असतं. इतकी वर्षं झाली तरी मला हे विलक्षण वाटतं. निवड करायच्या आधी, काहीही हातात नसताना, पाहायची मोकळीक हा कॅमेरा देतो.

मधोमध एक फिकट चौकोन आहे. त्यात कुंड्या दोनदोन दिसताहेत. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या आहेत, दोघींकडून एकेक प्रतिमा येते. लेन्स लावून फोकसचं कडं फिरवलं की एक प्रतिमा सरकत सरकत दुसरीवर बसते. बसली की तेवढ्या अंतरावरचं चित्र स्पष्ट येणार. लायकाच्या एम मालिकेत या दोन खिडक्यांमधलं अंतर जेमतेम ७ सेंटिमीटर आहे, आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून थोडंसंच जास्त. हे यंत्र अंतर मोजतं. त्याचं नावही त्यावरूनच पडलं.

त्या दोन कुंड्यांकडे थोडा वेळ पाहत राहा. मग कॅमेरा खाली ठेवा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. उत्तराची घाई नाही. मी माणसांपासून किती अंतरावर उभा राहतो?

माझ्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. माझा पहिला कॅमेरा सोव्हिएत बनावटीचा, झोर्की ४. फोर्टातल्या बोराबाजारात एका जुन्या दुकानात मिळाला. त्याच्यावर ज्युपिटर-८ ही ५० मिलिमीटरची लेन्स आधीपासूनच होती. ५० म्हणजे साधी, नेहमीची लेन्स, असं सगळेच म्हणायचे. त्या समजुतीचं मूळ जुनं आहे. १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत लायका पहिल्यांदा लोकांसमोर आला तेव्हा त्याची ५० मिलिमीटरची लेन्स पक्की बसवलेली होती, काढताच येत नव्हती. लेन्स बदलायची सोय आली १९३० साली, आणि कॅमेऱ्याच्या अंगातच बसवलेला रेंजफाइंडर आला १९३२ साली. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकांना पहिली लेन्स कुठली हा प्रश्नच पडला नाही. मलाही पडला नाही. अकरा वर्षं मी त्या एका लेन्समधून पाहिलं.

भाईंदर पश्चिमेला आमच्या जुन्या इमारतीत स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट होतं. कडप्प्याचा ओटा, त्याच्यावर स्टीलची मांडणी, मांडणीवर आमच्या भाईंदरच्याच कारखान्यांत पॉलिश झालेली भांडी, खाली मोझॅइकच्या लाद्या. आई जमिनीवर बसून भाजी निवडायची. मी दाराशी, फ्रिजला पाठ टेकून. माझ्यात आणि तिच्यात पावणेदोन मीटर. तिथून ५० च्या लेन्समध्ये सव्वा मीटर रुंदीचं जग मावतं. आई मावायची, मेथीची जुडी मावायची, ताट अर्धं कापलं जायचं. मागे सरकायला जागा नव्हती.

पुढे इमारत पुनर्विकासाला गेली. निगेटिव्ह काढून उजेडासमोर धरल्या तेव्हा कळलं, अकरा वर्षांत त्या स्वयंपाकघराचं पूर्ण चित्र एकही नाही. आईचे हात आहेत, किती सुंदर आहेत. डाव्या अंगठ्यावरची भाजल्याची खूण आहे. पण ओटा नाही, मांडणी नाही, संध्याकाळी लाद्यांवर पडायची ती ग्रिलची सावली नाही. ५० च्या लेन्सबद्दल मला तक्रार नाही, ते हात तिनेच दिले. मी कधी मोजलं नाही, एवढंच मला लागून राहिलं आहे.

म्हणून आपण मोजू या.

एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात ७.२ सेंटिमीटर रुंद आणि ४.८ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा. फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते, ही खिडकी बरोबर तिच्या दुप्पट. एक डोळा मिटा. खिडकी डोळ्यापासून १० सेंटिमीटरवर धरा: ५० ची लेन्स एवढं पाहते. हळूच ७ सेंटिमीटरवर आणा: ही ३५ ची. साडेपाचच्या आसपास आणली की २८ ची. हात लांब करत १८ सेंटिमीटरवर नेली की ९० ची. शाळेतल्या भूमितीपलीकडे यात काही नाही, आणि याहून खरं उत्तर कुठल्याही दुकानात मिळणार नाही. (काही कॅमेऱ्यांना पुढून एक छोटा दांडा असतो. तो ढकलला की खिडकीतल्या उजळ चौकटी बदलतात आणि न लावलेल्या लेन्सही बघून होतात. झोर्कीला ती सोय नव्हती. पुठ्ठा मला त्याहून आवडतो, त्याला काचही नाही.)

एक मेळ ध्यानात ठेवा, पुढे चालताना सोबत करेल. ३५ च्या लेन्समध्ये जेवढं अंतर जवळजवळ तेवढीच रुंदी मावते. तीन मीटरवर उभे राहा, तीन मीटर रुंद जग. ५० मध्ये त्याच्या पाऊण भागाहून थोडं कमी, म्हणजे दोन मीटरच्या जरा वर. हे पाठ करू नका. पावलांनी मोजून पाहा, अंगात मुरेल.

पुठ्ठा खिशात घाला आणि बाहेर पडा.

स्टेशनच्या पादचारी पुलावर गर्दीच्या वेळी क्षणभर कठड्याला टेकून थांबा. इथे अंतर आपल्या हातात नसतं, गर्दी ते ठरवते. खांदे आणि पिशव्या हाताच्या अंतरावरून जातात. आता हात समोर लांब करा. बोटांच्या टोकापर्यंत साधारण ७० सेंटिमीटर. बहुतेक रेंजफाइंडर लेन्स याच्याही अलीकडे फोकस करत नाहीत, माझी ज्युपिटर तर एक मीटरवरच थांबायची. हात पोचेल त्याच्या आतलं या कॅमेऱ्याला दिसत नाही. सुरुवातीला मला ही उणीव वाटायची. आता वाटतं, तेवढी जागा समोरच्या माणसाची असते.

लेन्स आली की पुलावर आणखी एक गोष्ट करून पाहा. ऊन असेल तर लेन्सवर एफ ८ धरा आणि अंतर आधीच लावून टाका. ३५ ची लेन्स पाच मीटरवर ठेवली की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. डोळा मग माणसांसाठी मोकळा राहतो. ५० च्या लेन्सला एवढा पल्ला मिळत नाही. क्षितिजापर्यंत स्पष्ट हवं तर एफ ८ वर तिची सीमा पाच मीटरच्या पुढे सुरू होते, आणि पुलावर पाच मीटरच्या पुढे फक्त पाठी दिसतात.

विरारच्या दिशेची गाडी पकडा, नायगावपर्यंतच. दाराशी उभे राहू नका, खिडकी मिळाली तर बरं. गाडी खाडीवर आली की आवाज बदलतो. पूल, मग पाणजू बेट, मग पुन्हा पूल. कुणीतरी निर्माल्याची पिशवी पाण्यात सोडतं. भरती असेल तर पाणी मातकट आणि भरलेलं, ओहोटीला दोन्ही काठांचा चिखल चमकतो. पुठ्ठा काढा. १० वर धरा, १८ वर धरा. इथे चालून जवळ जाता येत नाही, रुळांनी अंतर बांधून टाकलंय. दूरची होडी जवळ आणावीशी वाटेल. ती इच्छा ओळखा आणि जाऊ द्या. मिठागरांतले पक्षी, क्षितिजावरचं गलबत, पलीकडच्या काठावरचा माणूस, हे या कॅमेऱ्याचं काम नव्हे. १३५ मिलिमीटरच्या पुढे त्याची अंतर मोजायची शक्तीच संपते. पहिली लेन्स म्हणून ९० घेणारे मी पाहिले आहेत. लाजाळू माणसं बहुतेक तीच घेतात, आणि वर्षभरात कॅमेरा कपाटात जातो. लाजेला मी दोष देत नाही, मीही तसाच. पण दूर उभं राहायची सोय करून दिली की लाज कधी सुटत नाही.

परत या आणि पश्चिमेहून उत्तनची बस धरा. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडतील, बाजूला मिठागरांचे चौकोन दिसत राहतील. पाऊस संपल्यानंतरचे महिने यासाठी चांगले. उत्तनला उतरलात की वास आधी भेटतो. किनाऱ्यालगत बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत असतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोड्या केलेल्या, आणि त्या जोड्या आडव्या काठीवर टाकलेल्या. वाऱ्यावर हजारो चंदेरी शेपट्या हलतात. ५० ची माणसं यातली एक जोडी पाहतात. २८ ची माणसं सगळा मांडव, वर आभाळ आणि खाली वाळू. तुम्ही आधी कशाकडे पाहिलंत?

इथे डोळे मिटून थोडं थांबा. वारा तोंडावर घ्या.

आता डोळे उघडा. पुढे एक मावशी मासळी निवडत बसली आहे. तिच्याकडे चालत जा. पुठ्ठा खिशातच राहू द्या, हात मोकळे. तिने वर पाहिलं की नमस्कार करा, चौकशी करा, आज काय मिळालं ते विचारा. तुमचे पाय कुठेतरी आपोआप थांबतील, तिथे उभं राहायला जिवाला बरं वाटेल. त्याच्यापुढे अर्धं पाऊल टाकलं तर आगाऊपणा वाटेल, मागे आलं तर परकेपणा. तिथे थांबा. बोलणं संपलं की निघताना ते अंतर पावलांनी मोजा.

माझे पाय दीड मीटरवर थांबले. मला वाटलं होतं मी तीन मीटरचा माणूस आहे. अकरा वर्षं ५० च्या लेन्समधून पाहताना घराबाहेर मी तीन मीटरवर उभा राहत होतो, कारण चित्र तिथून जुळायचं. लेन्सने मला मागे उभं केलं होतं आणि मी त्याला माझा स्वभाव समजत होतो.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची काढलेली कृष्णधवल चित्रं कुठे पाहायला मिळाली तर वेळ काढून पाहा. लेन्स कुठली, हे माझ्या मनात येत नाही. कचऱ्यात उतरलेल्या माणसापासून चित्र काढणारा किती अंतरावर उभा आहे, ते मात्र पहिल्या नजरेत कळतं. आणि फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ. त्याने १९३२ साली मार्सेमध्ये पहिला लायका घेतला आणि जन्मभर प्रामुख्याने ५० च्याच लेन्सने काम केलं. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींची हत्या होण्याच्या काही तास आधी तो त्यांना भेटला होता, पुढे अंत्ययात्रेतल्या लोटलेल्या गर्दीतही त्याच्या हातात लायका होता. त्याच्या नावावर ५० ची शिफारस करणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातून वेगळंच घ्यावंसं वाटतं: एका लेन्सबरोबर तो इतका राहिला की चौकट डोळ्याला लावायच्या आधीच पायांना ठाऊक असायची. लेन्स कुठलीही घ्या, दोन पावसाळे दुसरी घेऊ नका.

निघायच्या आधी एक काळजी. पुढे कधी उत्तनच्या उन्हात, लेन्स लावलेला कॅमेरा गळ्यात असताना, झाकण लावलेलं असू द्या. आत आरसा नसल्यामुळे सूर्य थेट कापडी पडद्यावर एकवटतो, आणि लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो तसं पडद्याला भोक पडतं. ते पुढच्या प्रत्येक चित्रात पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं.

मघाशी दोन पावसाळे म्हटलं, त्यावरून आठवलं. जुनी लेन्स घेणार असाल, आणि आपल्यापैकी बहुतेकांची पहिली लेन्स जुनीच असते, तर दुकानात घाई करू नका. एफचं कडं सगळ्यात लहान आकड्यावर आणा, म्हणजे आतल्या पात्या पूर्ण उघडतील. मागून टॉर्च धरा आणि पुढून तिरकं पाहा. धुळीचे चार कण काही बिघडवत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर पुसून परत येत नाही. पात्यांवर तेल आहे का, कडं सगळीकडे सारखं फिरतं का, हे बोटांना विचारा. पाहताना जाणवेल की ही काच आधी कुणाच्या तरी घरात होती, कुणाच्या तरी कपाटात तिने दमट वर्षं काढली. आता ती तुमच्या घरी येणार, खाडीकाठच्या गावात, जिथे जून ते सप्टेंबर मीठही डब्यात ओलं होतं. चामड्याच्या पेटीत ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि सगळ्यात गुणकारी म्हणजे वापर. रोज हाताळलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

किती मोठ्या तोंडाची घ्यावी? एफ १.४ चा मोह सगळ्यांना होतो. ५० मिलिमीटरच्या तशा लेन्सवर एक मीटर अंतरावरच्या चेहऱ्याचा जेमतेम तीन सेंटिमीटरचा थर स्पष्ट येतो. एवढी अचूकता जुन्या, हलकेच मार खाल्लेल्या रेंजफाइंडरकडून मागणं अन्याय आहे. शिवाय जाड लेन्स बघायच्या खिडकीचा कोपरा झाकते. एफ २ किंवा २.८ ची लहान, हलकी लेन्स पुरते. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, ४०० च्या फिल्मवर, एफ २ ला साधारण १/३० सेकंद मिळतो. आरसा आपटत नाही, म्हणून श्वास सोडून, कोपर अंगाशी धरून १/३० साधतं, ३५ वर तर निवांत. चष्मा असेल तर अजून एक पाहणी: २८ ची चौकट अनेक कॅमेऱ्यांत खिडकीच्या अगदी कडेला असते, चष्म्यातून तिच्या चारही बाजू एकदम दिसत नाहीत. ज्या चौकटीच्या कडा दिसत नाहीत तिच्यात मला तरी कधी शांत वाटलं नाही.

मी पुढे ३५ घेतली. तुम्हीही तीच घ्यावी असं सांगायला हे लिहीत नाही. रस्त्यासाठी कुठली, प्रवासासाठी कुठली, हे लोक विचारतात. माझं म्हणणं एवढंच की सगळ्यात लहान खोलीला विचारा. वीस वर्षांनी ज्या निगेटिव्ह आपण उजेडासमोर धरतो त्या बहुतेक त्या खोलीतल्या असतात.

तर शेवटी घरी या. हातपाय धुवा. चहा होऊ द्या. मग तुमच्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत जा, जिथे घरचं माणूस रोज बसतं. भिंतीला, दाराला, फ्रिजला, ज्याला टेकेल त्याला पाठ टेका. आणखी मागे जाता येत नाही, ते एकदा नीट अनुभवा. पुठ्ठा डोळ्यापाशी आणा. १० वर काय मावतंय? ७ वर काय आत आलं? माणसाकडे पाहू नका, ते तर असणारच. कडांकडे पाहा. डाव्या कडेला खिडकी आली का? खाली जमीन आली का? वर घड्याळ, कॅलेंडर, देवाचा फोटो? पुठ्ठा मागेपुढे करा, सावकाश, पुनःपुन्हा. काही वेळाने हात आपोआप एका जागी थांबेल.

नव्या घरात मी हे केलं तेव्हा आई स्टुलावर बसली होती. तिला आता खाली बसवत नाही. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग काय बघतोस म्हणाली. मी पुठ्ठा तिच्या हातात दिला आणि कसं बघायचं ते सांगितलं, डोळ्याच्या जवळ धर, सात सेंटिमीटर. तिने ऐकलं नाही. हात पूर्ण लांब केला, एक डोळा मिटला, आणि त्या खिडकीत फक्त माझा चेहरा धरून ठेवला.